पाठांतर हवे, समजही हवी



अरबीच्या तासाला तुम्ही गर्दान म्हणता. 'कतबा' म्हणजे 'त्याने लिहिले'. या एका क्रियापदाची भूतकाळात 14 रूपे होतात. ती तोंडपाठ असणे चांगलेच. पण पुष्कळ मुले रूपे घडाघडा म्हणतात आणि अर्थ विचारला की गप्प होतात. नुसते घोकलेले परीक्षेनंतर विसरते. समजलेले जन्मभर सोबत राहते. म्हणून माझे मत असे आहे की, गर्दानीबरोबर 'वजन' समजून घेतलेच पाहिजे.

वजन म्हणजे शब्दाचा साचा. अरबीतील बहुतेक शब्दांच्या मुळाशी तीन अक्षरे असतात. ती साच्यात बसवली की शब्द तयार होतो. ऐन, लाम, मीम या मुळाचा अर्थ जाणणे. 'अलिमा' म्हणजे 'त्याने जाणले'. मधले अक्षर दुप्पट केले की 'अल्लमा', म्हणजे 'त्याने शिकवले'. त्याच्या आधी 'त' लावला की 'तअल्लमा', म्हणजे 'तो शिकला'. मराठीत 'शिकणे'चे 'शिकवणे' होते, उर्दूत 'पढना'चे 'पढाना' होते. तसेच हे आहे.

याच मुळापासून आलिम, मालूम आणि तालीम हे शब्द झाले. आता बडी हे, स्वाद, लाम हे दुसरे मूळ घ्या. त्याच तीन साच्यांत ते बसवा. हासिल, महसूल, तहसील! म्हणजे मिळालेले, वसूल झालेले आणि वसूल करण्याचे काम. गावोगावचे शेतकरी ज्या तहसील कचेरीत जातात, तिचे नाव असे घडले. 'रडून काय हशील?' या मराठी वाक्यातले 'हशील' म्हणजे आपले 'हासिल'च.

एक सावधगिरी मात्र बाळगा. प्रत्येक मूळ प्रत्येक साच्यात बसतेच असे नाही. शंका आली की शब्दकोश उघडा.

अरबी आपली मातृभाषा नाही, म्हणून ती समजणार नाही, असे म्हणू नका. आठव्या शतकात 'अल-किताब' हा अरबी व्याकरणाचा मोठा ग्रंथ लिहिणारे सीबवैह मूळचे इराणी होते. जो साचा ओळखतो, त्याला अरबी, उर्दू आणि मराठी या तिन्ही भाषांत ओळखीचे शब्द भेटतात. तेव्हा मुलांनो, पाठ जरूर करा. पण प्रत्येक शब्दाला त्याचे मूळ आणि वजन विचारायला विसरू नका.