अक्कलदाढ आणि ओठाची संवेदना

खालच्या अक्कलदाढेच्या मुळांलगत, जबड्याच्या हाडातील नळीतून एक मज्जातंतू जातो. खालचा ओठ व हनुवटी यांची संवेदना त्यावर अवलंबून असते. दाढ काढताना त्यास इजा झाल्यास ओठ बधिर होतो. बहुधा संवेदना परत येते, क्वचित कायमची जाते.

क्ष-किरण चित्रात मुळावर काळसर पट्टा दिसला, अथवा नळीची पांढरी रेषा तुटलेली आढळली, तर धोका अधिक समजावा व त्रिमितीय चित्र घ्यावे. मुळे निरोगी असल्यास दाढेचा केवळ वरचा भाग कापून मुळे जागीच ठेवता येतात. ही पद्धत १९८४ साली फ्रान्समध्ये वर्णिली गेली. मात्र ठेवलेली मुळे पुढे सरकू शकतात व क्वचित काढावीही लागतात.

मग निवड कोणी करावी? दिल्लीतील टिळक मार्गावरील सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी सांगितले की, उपचाराचे स्वरूप, पर्याय व ठळक धोके कळल्यावरच दिलेली संमती खरी होय. म्हणून आमचे मत असे की, निरुपद्रवी दाढ उगाच काढू नये. काढणे अवश्य असल्यास ते चित्र रुग्णास दाखवून, त्याच्याच भाषेत समजावून द्यावे. कागदावरील सही म्हणजे संमती नव्हे.