गच्चीवरच्या मुंग्या

चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. मे महिन्यात स्लॅब तव्यासारखा तापतो. म्हणून आता अनेक गच्च्यांवर कुंड्या दिसतात. मोठ्या शहरांत तर काही छतांवर मातीचा थर पसरून त्यात गवत व रोपे वाढवतात. याला 'हिरवे छत' म्हणतात. त्यामुळे खालची खोली कमी तापते.

आमच्या गच्चीवर मी कुंड्या ठेवल्या आणि काही महिन्यांतच तेथे मुंग्या आल्या. शेजारी म्हणाले, "सर, पावडर टाका." मी टाकली नाही. का, ते ऐका.

मुंग्या इतक्या उंच येतात कशा? काही भिंतीवरून चढतात. पावसाळ्यात पंख असलेल्या राणी मुंग्या उडत येतात, पंख टाकून देतात आणि मातीत नवे घर वसवतात. त्या माती पोखरतात, म्हणून हवा व पाणी मुळांपर्यंत पोहोचते. मेलेले किडेही त्या उचलून नेतात. ही सारी मजुरी फुकट!

तुम्ही म्हणाल, "पण मुंग्या मावा किडीची राखण करतात." खरे आहे. माव्यापासून मिळणाऱ्या गोड रसासाठी त्या तसे करतात. मग मावा पाण्याने धुऊन काढा. रस संपला की मुंग्याही रोपावरून उतरतील. विषारी पावडर मात्र मुंग्यांबरोबर उपयोगी किडेही मारते.

आपल्या शेजारच्या गडचिरोलीत भामरागडकडील माडिया लोक झाडावरच्या लाल मुंग्यांची आंबट चटणी करतात. ओडिशातील मयूरभंजच्या अशाच चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जंगलातला माणूस मुंगीची किंमत जाणतो. आपण शहरवासी तिला फक्त शत्रू समजतो.

कुरआन शरीफमधील २७ व्या सूरहचे नावच 'नम्ल', म्हणजे मुंगी. हजरत सुलैमान यांचे लष्कर येताना पाहून एक मुंगी इतर मुंग्यांना सावध करते. तिचे बोलणे ऐकून ते स्मित करतात. एवढ्या मोठ्या बादशहाने मुंगीचे ऐकले. मग आपण तिच्याकडे नीट पाहूही नये काय?

स्वयंपाकघरात साखरेचा डबा घट्ट लावा. तेथे मुंगीला जागा नको. पण गच्चीवरची मूठभर माती तिला राहू द्या. आपल्या घरांसाठी व कोळशाच्या खाणींसाठी आपण किती जंगल तोडले! त्यातले एवढेसे तरी परत करू या.