मोर्स टेस्ट आणि चार नंबरचा सिलिंडर

गेल्या सेमला आयसी इंजिन्सच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "मोर्स टेस्ट कशासाठी करतात?" मी धडाधड सांगून टाकलं. मल्टिसिलिंडर इंजिनची इंडिकेटेड पॉवर काढायला. एकेक सिलिंडर बंद करायचा, स्पीड परत जागेवर आणायचा, ब्रेक पॉवर किती घटली ते बघायचं. सर खूष! पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही हे माझं नशीब. कारण माझ्या जर्नलमधली रीडिंग्ज वरच्या मजल्यावरच्या एका सीनियरच्या जर्नलमधून आली होती, आणि त्याच्याकडे ती कुठून आली हे देव जाणे.

मित्रांनो, हीच टेस्ट मी खरोखर होताना एकदाच पाहिली आहे, आणि तीही लॅबमध्ये नाही. २०१९ च्या पुरानंतर सांगलीत, एका गॅरेजसमोरच्या चिखलात. मी तेव्हा नववीत होतो. ज्यांनी ती केली त्या मिस्त्रींनी मोर्स हे नाव आयुष्यात ऐकलं नसेल.

त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. माझ्या मामांचा ट्रक सखल जागेतल्या अड्ड्यावर उभा होता. सहा सिलिंडरचं, ५.९ लिटरचं जुनं इंजिन, साधा यांत्रिक पंप. पाणी सीटपर्यंत चढलं आणि काही दिवस तिथेच थांबलं. उतरल्यावर ड्रायव्हरनी केबिनमधला गाळ काढला, दुसरी बॅटरी लावली आणि "बघू तर खरं" म्हणून सेल्फ मारला. इंजिननी अर्धवट पकडलं, एक दणका दिला आणि जागच्या जागी थांबलं.

हा दणका कसला, ते आता गणितानी कळतं. एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम साधारण ९८० सीसी. कॉम्प्रेशन रेशो साडेसतरा धरला तर पिस्टन वर आल्यावर उरते फक्त ५९ सीसी जागा. म्हणजे आपल्या कॅन्टीनचा एक कटिंग! तेवढ्यात हवा दाबून बसते, पाणी बसत नाही. सिलिंडरमध्ये एका कटिंगपेक्षा जास्त पाणी असलं की पिस्टनला वर यायला जागाच राहत नाही, आणि काहीतरी वाकतं. म्हणून पुरातून निघालेल्या गाडीला आधी सेल्फ मारायचाच नाही. बॅटरीची वायर काढायची, ऑइलची पट्टी बघायची (ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसलं किंवा पातळी वाढलेली असली तर चेंबरमध्ये पाणी आहे), एअर फिल्टर उघडून बघायचा, सगळे नोझल काढायचे आणि इंजिन हातानी फिरवून आतलं पाणी बाहेर पाडायचं. हे सगळं झालं, पण दणका बसल्यानंतर.

मग ऑइल बदललं, टाकी धुतली, फिल्टर नवे टाकले. गाडी चालू झाली, पण मिसिंग मारायला लागली. सकाळी पांढरा धूर आणि लंगडा आवाज. अर्ध्या तासानी गरम झाली की बऱ्यापैकी सुधारायची. पहिल्या दुकानात निदान झालं ते दोन मिनिटांत: "डिझेलमध्ये पाणी गेलं, पंप आणि नोझल खलास." ऐकायला पटण्यासारखंच होतं. पाण्यानी पंप आणि नोझल खराब होतात हे खरंच आहे. पंप उतरवला, सहाही नोझल नवे केले. मामांचे ट्रकच्या हप्त्यासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच पांढरा धूर, तोच लंगडा आवाज. मामा त्या रात्री जेवले नाहीत, एवढं मला आठवतं.

मग कुणीतरी म्हाताऱ्या मिस्त्रींना आणलं. त्यांनी आधी काही उघडलंच नाही. एका बिसलेरीच्या बाटलीत टाकीच्या तळाचं डिझेल काढून उभं ठेवलं. तळाशी पाण्याचा थर नाही. म्हणजे डिझेल स्वच्छ. मग म्हणाले, "मालक, गरम गाडी खोटं बोलती. रातभर गार होऊ द्या. सकाळी सहाला येतो, त्याच्या आधी सेल्फला कुणी हात लावायचा न्हाई."

सकाळी सहाला गाडी चालू केली आणि आयडलवर ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट फडकं धरून थोडा सैल केला. एक नंबर सैल केला, आवाज पडला. आवळला. दोन, आवाज पडला. तीन, तसंच. चार नंबरला काहीच फरक नाही. मेलेल्या सिलिंडरचं डिझेल तोडलं तर इंजिनला काय कळणार! हीच मोर्स टेस्ट. डायनामोमीटरच्या जागी एक कान, बस्स.

पण मला जास्त भावलं ते पुढचं. त्यांनी चारचा नोझल दोनला लावला आणि दोनचा चारला. दोष नोझलमध्ये असता तर तो दोनवर गेला असता. तो चारवरच राहिला. मग गेज लावला: बाकीच्यांना २६ ते २८ किलो, चारला २०. ब्रीदरमधून धूर जोरात येत नव्हता, त्यामुळे रिंगवरचा संशय कमी. आता कुठे हेड उघडलं. चारचा पिस्टन टॉपला येऊनही बाकीच्यांपेक्षा जवळजवळ दोन मिलिमीटर खाली थांबत होता. कनेक्टिंग रॉड वाकला होता, त्या पहिल्या सेल्फला.

हे गणित मी मागच्या वर्षी रूमवर बसून केलं. १०२ मिमी बोअरला दोन मिमी म्हणजे जादा १६ सीसी. रेशो साडेसतरावरून चौदावर. चौदाला गार इंजिनमध्ये हवा पुरेशी तापत नाही, डिझेल न पेटता पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. गरम झाल्यावर कसंबसं पेटतं. म्हणजे "गरम झाली की सुधारते" या ज्या लक्षणावरून पंपाला दोषी ठरवलं, ते रॉडचंही लक्षण होतं. पंप उतरवण्याआधी दोन नोझल अदलाबदल करायला अर्धा तास लागला असता.

आता माझं म्हणणं. चार वर्षांत आपल्याला कुणीही, एकदाही, बिघडलेलं इंजिन देत नाही. लॅबमधलं इंजिन एक तर कट-सेक्शन असतं, रंगवलेलं, नाहीतर चांगलं चालणारं. आपण त्याची एफिशियन्सी काढतो. बाहेर कुणी आपल्याकडे चांगलं चालणारं इंजिन घेऊन एफिशियन्सी काढायला येणार आहे का?

एका सरांशी बोललो तेव्हा ते म्हणाले, आता सगळं कॉमन रेल, स्कॅनर लावला की कोड येतो. सर, मान्य. एवढंच नाही, कॉमन रेलला पाइपाचा नट कधीच सैल करायचा नसतो. तिथला दाब १६०० बारच्या वर जातो आणि ती धार कातडीत घुसते. तिथे सिलिंडर स्कॅनरवरूनच बंद करतात. पण स्कॅनर सांगणार "सिलिंडर चार, मिसफायर". इंजेक्टर, वायरिंगच्या कनेक्टरमधला हिरवा गंज की वाकलेला रॉड, हे ठरवायला शेवटी अदलाबदल करून बघावीच लागते. शिवाय गंजलेला कनेक्टर पूर ओसरल्यावर कित्येक आठवड्यांनी त्रास देतो, तोही कधी देतो कधी नाही.

सिलॅबस युनिव्हर्सिटीचा आहे, तो आपल्या हातात नाही, हेही कबूल. पण टर्मवर्कमधलं एक प्रॅक्टिकल तर आपलं आहे ना? लॅब असिस्टंटनी आदल्या दिवशी गुपचूप एक दोष करून ठेवायचा, आणि ग्रुपनी कुठलाही पार्ट उघडायच्या आधी कागदावर लिहायचं: मला कशाचा संशय आहे, का आहे, आणि तो खोटा ठरवायला मी काय करणार. मार्क त्या कागदाला. अशी रीडिंग्ज सीनियरच्या जर्नलमधून उतरवता येणार नाहीत, हा जादा फायदा.

वर्कशॉपमागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक चार सिलिंडरचं डिझेल इंजिन पडून आहे. त्याचा पंप शाबूत आहे, हेड गॅस्केट आणि एक बॅटरी लागेल असं लॅब असिस्टंट काका म्हणतात. हॉस्टेलचे आम्ही पाचजण शनिवारी दुपारी हात काळे करायला तयार आहोत. शेडची किल्ली एचओडी सरांच्या केबिनमध्ये आहे.