हाफ क्लचवर किती दिवस?



गेल्या वर्षी मी न्यू जर्सीला भाच्याकडे गेलो होतो. त्याने नुकतीच एक जुनी माझदा मियाटा घेतली होती. दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार, वजन जेमतेम टनभर. 1989 साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये हे मॉडेल पहिल्यांदा लोकांसमोर आलं आणि आजवर अशा दहा लाखांहून जास्त गाड्या बनल्या. भाच्याची गाडी मॅन्युअल. पण अमेरिकेत बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक, त्यामुळे पठ्ठ्याने आयुष्यात क्लच दाबलेला नाही! "मामा, तू टेम्पो चालवायचास ना? शिकव."

रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये गेलो. त्याने क्लचवरचा पाय झटकन उचलला. गाडीने गचका खाल्ला आणि बंद. सात-आठ वेळा हेच. शेवटी म्हटलं, "अ‍ॅक्सिलरेटर विसर. पहिला गिअर टाक आणि नुसता क्लच हळूहळू सोड." एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, गाडी थरथरते. तिथे क्लच पकडतो. पाय तिथे जरा थांबवायचा आणि गाडी चालू लागली की पूर्ण सोडायचा.

अर्ध्या तासात जमलं. पण मग बंद पडायची भीती बसली. गाडी पळायला लागली तरी पाय क्लचवरच. थोड्या वेळाने जळका वास आला. क्लच प्लेट घासत होती.

मित्रांनो, धंद्यात याच दोन चुका होतात. पहिली मी स्वतः केली. ज्या महिन्यात नोकरी सोडली, त्याच महिन्यात कर्ज काढून गाळा घेतला. पक्कं गिऱ्हाईक एकही नव्हतं. अकरा महिन्यांत शटर खाली आलं, हप्ते मात्र चार वर्षं भरले.

दुसरी चूक कार्यशाळेत दर वेळी भेटते. "सर, सहा वर्षं झाली, नोकरी सांभाळून साइडला करतोय." ऑर्डर येतात, पण वेळेवर जात नाहीत. घरचे वैतागलेले, शरीर थकलेलं. हा जळका वास आहे.

म्हणून "नोकरीला लाथ मारा" हा सल्ला मला पटत नाही आणि "दोन्ही चालू ठेवा" हाही नाही. नोकरी आणि धंदा दोन्ही सोबत हवेत, पण ठरावीक काळच. माझा हिशोब असा: धंद्यातून सलग सहा महिने घरखर्चाच्या निम्मे पैसे सुटले की गाडी हलली समजा. आता पाय काढा.

घरची जबाबदारी मोठी असेल, तर तुमचा रस्ता चढाचा आहे. चढावर हँडब्रेक लावूनच गाडी उचलतात, नाहीतर ती मागे जाते. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा, तो तुमचा हँडब्रेक. तोवर राजीनामा नको.

आज वहीत दोनच गोष्टी लिहा: घरखर्चाचा आकडा आणि नोकरी सोडायची तारीख. तारीख लिहिताना हात अडखळला, तर का अडखळला ते मला कमेंटमध्ये सांगा. पुढचा व्हिडिओ त्यावरच करू.