गोवा ते मॉरिशस, शिडांच्या भरवशावर

गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या नौदलाच्या १७ मीटर लांबीच्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याआधीचा त्यांचा कस मॉरिशसच्या वाटेवर लागला. ही वाट सोपी नव्हे. विषुववृत्ताजवळच्या शांत पट्ट्यात शिडे लुळी पडतात, मध्येच वादळी सर कोसळते आणि शिडांचा पसारा झटपट आवरावा लागतो. पुढे आग्नेय व्यापारी वारे भेटतात. ते डाव्या अंगावर घेत नौका बेटाकडे हाकतात. सुकाणू, स्वयंपाक, दुरुस्ती सारे पाळीपाळीने. प्रदक्षिणेच्या अखेरच्या टप्प्यात सुकाणू बिघडले, तेव्हा याच बेटावरील पोर्ट लुई बंदरात दुरुस्ती झाली. २१ मे २०१८ रोजी ‘तारिणी’ गोव्यात परतली.