डाउनलोड्समध्ये पडलेलं आधार

‘आपल्याकडं चोरण्यासारखं आहे तरी काय?’ कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या वडनेर भोलजीसारख्या गावात हा युक्तिवाद चटकन पटतो. शेतकऱ्याकडं गुपितं नसतीलही. पण पीकविमा, अनुदान, कर्ज ज्या खात्यात येतं त्याची किल्ली त्याच्याकडं आहे: आधार, अंगठा आणि ओटीपी. 2018 मध्ये तेलंगणात जमिनीच्या दस्तांवरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे बनवून हजारो सिम कार्डं चालू केल्याचा प्रकार उघडकीस आला. ज्यांचे अंगठे वापरले गेले, त्यांनीही काही लपवलेलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं, त्यात गुपित असण्याची अट नाही.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: सरकारकडं सगळी माहिती आहेच, मग आधारची झेरॉक्स झाकून काय उपयोग? उपयोग आहे, कारण गळती बहुधा दिल्लीच्या सर्व्हरपेक्षा सेवा केंद्राच्या टेबलावर सोपी असते. अर्ज भरताना उतरवलेली ई-आधारची फाइल डाउनलोड्समध्ये तशीच राहते. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. फाइलला नाव धारकाचंच दिलेलं असेल, तर उरलं फक्त साल. याला कुलूप म्हणणं धाडसाचंच. सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवू नका, उतरवलंच तर कायमचं पुसा, ही सूचना आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने मे 2022 मध्ये काढली आणि गैरसमजाचं कारण देऊन ती दोन दिवसांत मागे घेतली गेली. सूचना मागे गेली, धोका जागच्या जागी राहिला. फक्त शेवटचे चार अंक दाखवणारं मास्क्ड आधार आणि अंगठ्याचा वापर बंद ठेवणारं बायोमेट्रिक लॉक या दोन्ही सोयी फुकट आहेत. जिथं पूर्ण क्रमांक लागत नाही तिथं तो देण्याचं कारणच नाही.

ही फाइल ज्या संगणकावर पडून राहते, तो कोणत्या प्रणालीवर चालतो हेही महत्त्वाचं. मुक्त सॉफ्टवेअरचा मुद्दा इथंच येतो. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. जुन्या यंत्रावर विंडोज 11 चालत नाही, म्हणून चोरीची प्रत किंवा अपडेट नसलेली प्रणाली चालवायची आणि तिच्यावर गावाचे सातबारे हाताळायचे, ही काटकसर महागात पडणारी आहे. लिनक्स प्रणाली आणि लिब्रेऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरना परवान्याचा खर्च नाही, मराठी टायपिंग चालतं, अपडेट मिळत राहतात. ‘लिनक्स अवघड आहे’ म्हणणाऱ्यांनी केरळच्या सरकारी शाळांकडं पाहावं. तिथली मुलं वर्षानुवर्षं त्यावरच शिकतात. अंगठ्याच्या यंत्रांची सॉफ्टवेअरं मात्र मुख्यत्वे विंडोज-अँड्रॉइडसाठीच असतात, हा आक्षेप खरा आहे. त्या कामापुरतं वेगळं, अद्ययावत यंत्र ठेवावं. पण लिनक्स टाकल्यानं डाउनलोड्स आपोआप रिकामं होत नाही. रोज संध्याकाळी ते कोण पुसतं, हे ग्रामसभेनं केंद्रचालकाला विचारायला हवं.