विश्लेषण : शेजारी डेटा सेंटर, घरात मात्र एकच प्रत! कमी खर्चात घरच्या संगणकाचा बॅकअप कसा घ्यावा?

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका बाजूला कोपरखैरणे, तर दुसऱ्या बाजूला महापे. महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात देशातील मोठी डेटा सेंटर आहेत. बँका आणि कंपन्यांच्या नोंदी तेथे एकाहून अधिक प्रतींत जपल्या जातात. रस्ता ओलांडून कोपरखैरण्यातील बैठ्या घरांत किंवा सोसायट्यांत आले, की चित्र अनेकदा उलटे दिसते. लग्नाचे फोटो, मुलीचा प्रकल्प, दुकानाचा हिशेब, सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त असे सारे एकाच संगणकात, एकाच डिस्कवर असते. ती डिस्क बंद पडली तर काय, हा प्रश्न बहुतेक घरांत ती बंद पडल्यावरच विचारला जातो. कमी खर्चात यावर उपाय आहे का, याचा हा आढावा.

प्रश्न आताच महत्त्वाचा का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे नियमित साहाय्य थांबवले. घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेट आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवता येतात. त्यासाठी नोंदणी करावी लागते. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेक घरांतील जुने संगणक त्यात बसत नाहीत. परिणामी कोणी नवा लॅपटॉप घेत आहे, कोणी जुना विकत आहे, तर कोणी आहे त्याच यंत्रावर नवी प्रणाली टाकून घेत आहे. डेटा हरवण्याचा धोका अशा घरबदलाच्या वेळीच सर्वाधिक असतो.

यात एक गैरसमजही आहे. वाढीव अपडेट पैसे न देता मिळवण्याच्या एका पर्यायात संगणकाच्या सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जतन कराव्या लागतात. त्यासाठी दिसणाऱ्या ‘विंडोज बॅकअप’ या नावामुळे संगणकातील सर्व काही सुरक्षित झाले, असे वाटू शकते. प्रत्यक्षात सेटिंग्जखेरीज जे फोल्डर निवडले असतील तेच ‘वनड्राइव्ह’वर जातात आणि तेथील मोफत जागा फक्त ५ जीबी आहे.

घरातील डेटा जातो कसा?

सर्वात मोठे कारण साधे आहे : डिस्क म्हातारी होते. हार्ड डिस्कमध्ये फिरणारे भाग असतात. ती धक्क्याने किंवा झिजेने बिघडते. एसएसडीत फिरणारे भाग नसले, तरी ती अनेकदा पूर्वसूचना न देता बंद पडते. शिवाय एसएसडीवरून पुसलेली फाइल परत मिळवणे हार्ड डिस्कपेक्षा कठीण असते. दुसरे कारण चुकून पुसले जाणे, तिसरे चोरी, चौथे विजेचा झटका आणि पाचवे पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यावरील घरात पाणी शिरले, की खालच्या कप्प्यातला संगणक आणि त्याच्या शेजारी ठेवलेली बॅकअपची डिस्क, दोन्ही एकदमच जातात.

‘डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडू’ हा जुना उपायही आता भरवशाचा राहिलेला नाही. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच डिस्कवरील माहिती आपोआप कूटबद्ध होते. लॅपटॉप बिघडला आणि ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी नसली, तर दुरुस्ती करणाऱ्यालाही डिस्क वाचता येत नाही. ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती आजच कागदावर लिहून ठेवणे हा एक रुपयाही खर्च नसलेला उपाय आहे.

फोटो क्लाउडवर आहेत, तेवढे पुरेसे नाही का?

क्लाउडचा उपयोग निश्चित आहे. मोबाइल हरवला तरी फोटो मिळतात. पण मर्यादा दोन आहेत. पहिली जागेची. गूगलची १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटली जाते. १ जून २०२१ नंतरचे सर्व फोटो त्यात मोजले जातात आणि अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच धरला जातो. एक फोटो सरासरी साडेतीन एमबीचा धरला, तर चार हजारांच्या आसपास फोटोंत ही जागा संपते.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. अशा सेवा मुख्यतः ‘सिंक’ करतात, म्हणजे सर्व ठिकाणी सारखी स्थिती ठेवतात. संगणकावर फाइल पुसली, की ती क्लाउडवरूनही जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, नंतर कायमची पुसली जाते. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल बंद करू शकते. घरातील वडीलधाऱ्यांच्या निधनानंतर त्यांच्या खात्यातील फोटो कुटुंबाने वेळीच उतरवून घेतले नाहीत, तर तेही या नियमाखाली येतात.

क्लाउड चालवणाऱ्यांचीही चूक होते. दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ रोजी लिथियम बॅटरीमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘जी-ड्राइव्ह’वरील सुमारे ८५८ टेराबाइट माहिती त्यात नष्ट झाली. साठा फार मोठा असल्याने त्याची दुसरीकडे प्रत ठेवलेली नव्हती.

न्हावा शेवाच्या घटनेतून काय शिकायचे?

‘सिंक’ म्हणजे बॅकअप नव्हे, याचे उदाहरण नवी मुंबईच्या जवळच घडले. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून जगभर पसरला. त्यात मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि तिच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या न्हावा शेवा बंदरातील एका टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले.

मर्स्ककडे संगणकांचे जाळे ओळखणारे सुमारे दीडशे मुख्य सर्व्हर होते. ते एकमेकांशी सतत जुळवले जात. एक गेला तरी दुसऱ्यावरून माहिती मिळेल, अशी ती रचना होती. पण हल्ल्यात सगळेच एका फटक्यात पुसले गेले. वाचला तो एकच, घानामधील. हल्ल्याच्या आधी तेथे वीज गेल्याने तो जाळ्यापासून तुटलेला होता. इंटरनेटवरून ती माहिती पाठवायला फार वेळ लागला असता, म्हणून कर्मचाऱ्यांनी डिस्क हातोहात नायजेरियाच्या विमानतळावर पोहोचवली आणि तेथून ती ब्रिटनला नेली. त्यानंतर दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करण्यात आले. नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा होता.

एवढ्या मोठ्या कंपनीला शेवटी उपयोगी पडली ती तारेपासून सुटलेली एक डिस्क. घरासाठीही हाच नियम लागू होतो. संगणकाला कायम जोडून ठेवलेली बाह्य डिस्क खंडणीखोर व्हायरसलाही तितकीच उघडी असते आणि विजेच्या झटक्यालाही.

३-२-१ हा नियम काय आहे?

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला हा नियम आहे. माहितीच्या एकूण तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातील एक घराबाहेर. सामान्य कुटुंबासाठी त्याचा अर्थ असा : एक प्रत संगणकात, दुसरी बाह्य डिस्कवर, तिसरी नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. महागडे सर्व्हर यंत्र किंवा मासिक वर्गणी यासाठी आवश्यक नाही.

हात आखडता असेल, तर सुरुवात कोठून?

खरेदीआधी छाटणी करावी. घरातील माहितीचे तीन गट पडतात. पहिला, सहज परत मिळणारी : चित्रपट, गाणी, सॉफ्टवेअर. यांचा बॅकअप नको. दुसरा, खटपटीने परत मिळणारी : पॅन, वाहन परवाना, दहावी-बारावीची गुणपत्रिका. यांतील बरीच कागदपत्रे ‘डिजिलॉकर’वर पुन्हा मिळतात. तिसरा, कधीच परत न मिळणारी : आजोबांच्या आवाजातील ध्वनिफीत, बारशाचे फोटो, प्रबंधाचा मसुदा, दुकानाच्या उधारीची वही. बॅकअप आधी या तिसऱ्या गटाचा घ्यावा. फोटो आणि व्हिडिओ वगळले, तर अनेक घरांत ही माहिती काही जीबीतच मावते आणि तिची एक प्रत मोफत क्लाउडमध्येही बसू शकते.

दुसरी पायरी जुन्या सामानाची. बंद पडलेल्या लॅपटॉपची हार्ड डिस्क धड असेल, तर ती काढून यूएसबी केसिंगमध्ये बसवता येते. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कसाठी असे केसिंग काही शे रुपयांत मिळते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला वेगळा वीज अडॅप्टर लागतो. मात्र जुनी डिस्क ही जादा प्रत म्हणूनच वापरावी. तीवर एकमेव प्रत ठेवू नये.

नवी डिस्क घेताना काय पाहावे?

कृत्रिम प्रज्ञेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५च्या उत्तरार्धापासून मेमरी आणि एसएसडीचे दर जगभर चढले. त्यामुळे निव्वळ साठवणुकीसाठी एसएसडीचा आग्रह धरण्याचे कारण नाही. बॅकअपला वेग फारसा लागत नाही आणि साधी बाह्य हार्ड डिस्क प्रति जीबी स्वस्त पडते. शिवाय एसएसडी वर्षानुवर्षे विजेविना कपाटात ठेवण्यासाठी योग्य मानली जात नाही. एक मोठी डिस्क घेण्याऐवजी दोन लहान घेणे अधिक सुरक्षित.

‘दोन टेराबाइटचा पेन ड्राइव्ह पाचशे रुपयांत’ अशा जाहिरातींपासून दूर राहावे. अशा ड्राइव्हची खरी क्षमता बरीच कमी असते. फाइलची नावे दिसतात, पण आतली माहिती लिहिलीच गेलेली नसते. ड्राइव्ह पूर्ण भरून, त्यातील फाइल पुन्हा उघडून पाहिल्याखेरीज हे कळत नाही. ऑनलाइन घ्यावी किंवा लॅमिंग्टन रोडवरून, पक्के बिल आणि वॉरंटी हवीच. पण वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, त्यावरील फोटो मिळत नाहीत.

सॉफ्टवेअरवर खर्च करण्याची गरज नाही. विंडोजमधील ‘फाइल हिस्ट्री’ ही सोय फाइलच्या जुन्या आवृत्त्याही जपते. ॲपलच्या संगणकांत ‘टाइम मशीन’ असते, तर जुन्या यंत्रावर लिनक्स टाकलेल्यांसाठी ‘देजा डुप’ मोफत आहे.

दुसरी प्रत कोठे ठेवावी?

कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे आणि त्यांतील अनेक कुटुंबांची गावे सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांत आहेत. गणपती, दिवाळी किंवा जत्रेला गावी जाणे होतेच. दोन डिस्क असतील, तर एक गावच्या कपाटात आणि एक इथे, आणि दर फेरीला अदलाबदल, अशी पद्धत बिनखर्चाची आहे. गाव लांब असेल, तर ठाण्यातील बहीण किंवा घणसोलीतील मावशीही चालेल. फक्त एकाच इमारतीत दोन्ही प्रती नकोत.

घराबाहेर जाणाऱ्या डिस्कवर पॅन आणि बँकेची कागदपत्रे असतील, तर ती कूटबद्ध करावीत. त्यासाठी ‘व्हेराक्रिप्ट’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. पासवर्ड मात्र कागदावर लिहून डिस्कपासून वेगळा ठेवावा आणि घरातील दुसऱ्या एका व्यक्तीला तो कोठे आहे हे माहीत असावे. पावसाळ्यातील दमटपणा टाळण्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलची पुडी पुरते.

बॅकअप खरोखर झाला, हे कसे ओळखावे?

कपाटात डिस्क आहे म्हणजे बॅकअप आहे, असे नाही. दर दोन-तीन महिन्यांनी एखादा जुना फोटो आणि एखादी हिशेबाची फाइल डिस्कवरून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. ती उघडली, तरच प्रत खरी. जुना संगणक विकण्यापूर्वी किंवा त्यावर नवी प्रणाली टाकण्यापूर्वी ही चाचणी अनिवार्य समजावी.

खर्चापेक्षा मोठी अडचण नियमितपणाची असते. ‘सवड मिळाली की’ घ्यायचा बॅकअप राहूनच जातो. त्यामुळे घरातील एका व्यक्तीकडे जबाबदारी आणि महिन्यातील एक दिवस ठरलेला असावा. तारीख लक्षात राहत नसेल, तर संकष्टी आहेच. डिस्क जोडायची, प्रत घ्यायची, तारीख चिकटपट्टीवर लिहायची आणि तार काढून डिस्क पुन्हा डब्यात ठेवायची. पहिली प्रत घ्यायला एखादी दुपार लागेल. पुढे फक्त नव्या आणि बदललेल्या फाइलच जात असल्याने काम लवकर उरकते. बंद पडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या प्रयोगशाळांचे शुल्क मात्र नव्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकते आणि पैसे मोजूनही फोटो परत मिळतीलच, याची हमी नसते.